सदर विवाह सुस्थितीत आहे

पत्र आलं तेव्हा मी एका बारा मजली इमारतीच्या मशीनरूममध्ये लिफ्टच्या ब्रेकचं काम करत होतो. फोनवर आलं. दोन्ही हात ग्रीसने माखलेले, म्हणून मी ते नाकाच्या शेंड्याने उघडलं आणि नाकानेच खाली सरकवत वाचलं. पहिल्या पानावर काही नव्हतं, नुसती नावं आणि फाइल नंबर. दुसऱ्या पानावर होतं ते असं:

"अर्जासोबतची चारही निवेदने, म्हणजे पती, पत्नी व दोन साक्षीदार यांची, शब्दशः सारखी आहेत. सबब हे नाते खरे असल्याबद्दल या कार्यालयास शंका आहे. अठ्ठावीस दिवसांत समाधानकारक खुलासा करावा, अन्यथा पत्नीचा व्हिसा नामंजूर करण्यात येईल."

आता, शब्दशः सारखी असणारच. चारही मीच लिहिली होती.

त्यात लपवण्यासारखं काय आहे? बावीस वर्षं लिफ्टची देखभाल करतोय. प्रत्येक लिफ्ट तपासून झाली की एक कागद भरायचा असतो आणि त्याच्या तळाशी एक वाक्य लिहायचं असतं: सदर लिफ्ट सुस्थितीत असून नियमित व आवाजाविना चालू आहे. खाली सही. हे वाक्य मी झोपेतही लिहू शकतो. व्हिसाच्या फॉर्ममध्ये विचारलं होतं, तुमच्या नात्याचं स्वतःच्या शब्दांत वर्णन करा. मी लिहिलं: सदर विवाह सुस्थितीत असून नियमित व आवाजाविना चालू आहे. वाचून पाहिलं. चांगलं वाटलं. मग तेच बायकोच्या निवेदनात लिहिलं, तेच माझ्या थोरल्या बहिणीच्या, तेच खालच्याच्या. आमच्या धंद्यात एकाच लिफ्टबद्दल दोन कागदांवर दोन वेगळी वाक्यं आली की वरून विचारणा होते. मी विचारणा टाळत होतो.

खालचा म्हणजे माझा कामावरचा सोबती. लिफ्टचं काम दोघांनी करायचं असतं. तो खाली खड्ड्यात, मी वर मशीनपाशी. म्हणून कंपनीत त्याला सगळे खालचा म्हणतात आणि मला वरचा. वरचा म्हणण्यात आदर वगैरे काही नाही.

लग्न झालं तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांचा आणि ही एक्केचाळीस. ताईने जमवलं. कचेरीत सह्या केल्या, लग्नाला सगळी मिळून अकरा माणसं. फोटो नऊ. त्यांतल्या सहांमध्ये मी छताकडे बघतोय, कारण तिथला पंखा डुगडुगत होता आणि त्याखाली सासूबाई बसल्या होत्या. लग्नानंतर सतरा दिवस आम्ही एकत्र राहिलो. मग माझी रजा संपली आणि मी इकडे परदेशात कामावर परत आलो. ती तिकडेच राहिली.

ती चष्म्याच्या दुकानात काम करायची. काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या. पंधरा वर्षं तेच. केसाएवढाही फरक चालत नाही त्या कामात, आणि हिचा हात असा की दुकानाचे मालक स्वतःचा चष्मा दुसऱ्या कोणाला करू द्यायचे नाहीत. स्वतःची भाड्याची खोली होती, खिडकीत दोन कुंड्या होत्या. मी इकडून सांगितलं, "तीन महिन्यांचं काम आहे. फॉर्म मीच भरतो. नोकरी सोड, खोली सोड, भावाकडे जाऊन राहा." तिने नोकरी सोडली, खोली सोडली आणि दोन बॅगा घेऊन भावाकडे गेली. त्याला आता अकरा महिने झाले होते.

भावाच्या घरी ती हॉलमध्ये झोपते. टीव्ही बंद झाला की झोपायचं, टीव्ही सुरू व्हायच्या आत उठायचं. बॅगा अजून उघडलेल्या नाहीत, कारण कपाटात जागा नाही. फ्रिज उघडायचा तर आधी सांगून उघडते. वहिनी चांगली आहे हो, असं ती मला दर वेळी सांगते. चांगल्या माणसाबद्दल हे इतक्या वेळा सांगावं लागत नाही, एवढं मलाही कळतं.

तर पत्र आलं. रविवारी ताईकडे गेलो. ती दोन गल्ल्या सोडून राहते. भावोजी पेपर वाचत होते. मी म्हटलं, "वकील करावा का? व्हिसाचंच काम करणारे असतात म्हणे."

"वकील?" ताईने हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. "शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये."

"कोर्ट नाही ताई. नुसता वकील."

"वकील म्हणजे पहिली पायरी. ह्यांच्या वेळी मी कोण वकील केला होता? स्वतः बसून फॉर्म भरला. आले की नाही हे?"

"तेव्हा फॉर्म दोन पानांचा होता," भावोजी पेपरमागून म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा. तुम्ही काय केलंत? तुम्ही फक्त आलात."

भावोजींनी पेपरचं पान उलटलं. मलाही ताईचं पटलं. खरं तर मला तेच ऐकायचं होतं, म्हणून मी तिच्याकडे आधी गेलो. मी कोणाला पैसे देऊन माझं काम करून घेतलेलं नाही. नळ, वायरिंग, बूट, सगळं घरच्या घरी. आपला हात जगन्नाथ.

सोमवारी खालच्याला सांगितलं. तो डबा खात होता.

"मागच्या महिन्यात त्या सोसायटीच्या सेक्रेटरीने लिफ्टचं दार स्वतः दुरुस्त केलं होतं," तो म्हणाला. "आपल्याला तीन दिवस लागले ते निस्तरायला. तू त्याला काय म्हणाला होतास?"

"उंटावरचा शहाणा."

"आणखी?"

"अतिशहाणा त्याचा बैल रिकामा."

"मग?"

"ते वेगळं. लिफ्टमध्ये माणसाचा जीव जातो."

"आणि तिकडे आमच्या वहिनींचा काय, भावाकडे पाहुणचार चाललाय?" असं म्हणून त्याने डब्याचं झाकण लावलं. त्याला बोलायची पोच नाही. मी दिवसभर त्याच्याशी फक्त 'वर' आणि 'खाली' एवढंच बोललो.

खुलासा मी स्वतःच लिहायला घेतला. सवयीने आमच्याच कागदाच्या धर्तीवर लिहिला. तक्रार: निवेदने सारखी. कारण: एकाच इसमाने लिहिली. उपाय: चार नवीन निवेदने जोडत आहे. या वेळी चारही वेगळी केली. ताईच्या निवेदनात 'समाधानकारक' घातलं, खालच्याच्या 'उत्तम', हिच्या 'आनंददायी'. दुपारच्या सुटीत एका इमारतीच्या गच्चीवर गेलो आणि तिकडे फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती. सगळं वाचून दाखवलं. तिने मध्ये एकदाही टोकलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"झालं?" ती म्हणाली.

"झालं. तुझं निवेदन पाठवतो, सही करून पाठव."

"मी सही करणार नाही."

"का? आनंददायी नको? दुसरा शब्द घालतो."

"दुकानाच्या मालकांचा फोन आला होता," ती म्हणाली. "माझ्या जागी घेतलेला माणूस काचा फोडतोय. एक तारखेपर्यंत येतेस का म्हणून विचारतायत. मी परत गेले ना, तर खोली घेणार. आणि मग पुन्हा कुठलाच फॉर्म भरणार नाही, कुठल्याच कागदावर सही करणार नाही. तू येत जा वर्षातून एकदा. जातोस तसा लिफ्टला."

"रागावलीस?"

"नाही रे. थकले."

राग आला तर काय करायचं ते मला माहीत आहे, गप्प बसायचं. थकण्यावर काही सुचेना. पत्राची मुदतही एक तारखेलाच संपत होती. मला भीती वाटली, सरळ सांगतो. बावीस वर्षं उघड्या शाफ्टच्या काठावर उभा राहतोय, तिथे कधी वाटली नाही, ती त्या गच्चीवर वाटली. ही बाई येणार नाही आणि त्याला कारण मी असेन, हे मला तिथे पहिल्यांदा लख्ख दिसलं. खाली आलो आणि खालच्याला म्हटलं, "वकिलाचा पत्ता दे."

त्याने खिशातून काढून दिला. दोन दिवस खिशातच ठेवून फिरत होता, गाढव.

वकीलबाईंचं ऑफिस तिसऱ्या मजल्यावर. पहिल्यावर दाताचा डॉक्टर, दुसऱ्यावर झेरॉक्सवाला. लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर जमिनीच्या दोन बोटं खाली थांबली. मी तीन वेळा खाली-वर करून बघितलं, तिन्ही वेळा दोन बोटं. त्यामुळे मी दहा मिनिटं उशिरा पोचलो आणि वकीलबाईंना आधी लिफ्टबद्दल सांगितलं. त्या म्हणाल्या, "बसा."

पन्नाशीच्या असतील. चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी चारही निवेदनं एकामागून एक वाचली. आतापर्यंत ज्यांनी ज्यांनी वाचली होती ते सगळे हसले होते, म्हणून मी त्यांच्या हसण्याची वाट बघत बसलो. त्या हसल्या नाहीत.

"आवाजाविना म्हणजे?"

"भांडण नाही."

"तुम्ही भांडत नाही?"

"रोज भांडतो. फोनवर."

"मग हे खोटं झालं."

"ते फॉर्मातलं वाक्य आहे."

"आमच्या फॉर्मात नाही. तुमच्या लिफ्टच्या फॉर्मात असेल." त्यांनी कागद बाजूला ठेवले. "बोलता रोज, त्याचा काही पुरावा?"

मी खिशातली डायरी काढून दिली. मी कामाच्या सगळ्या नोंदी ठेवतो, तशी हिच्या फोनचीही ठेवतो. सवय. दाखवण्यासारखं त्यात काही नाही. वकीलबाईंनी चष्मा चढवला आणि वाचायला लागल्या. मला उलटं बघूनही पाठ होतं:

"ता. १४. कॉल २२ मिनिटे. तक्रार: तू काही बोलत नाहीस. कार्यवाही: बोललो. निकाल: नवीन तक्रार, फार बोलतोस."

"ता. ३. कॉल ४ मिनिटे. वहिनीसमोर बोलता येत नाही म्हणाली. नुसता चालू ठेवला. भांडी घासल्याचा आवाज."

"ता. २७. कॉल ५१ मिनिटे. अहो-जाहो बंद. आजपासून अरे-तुरे. तिने सुरुवात केली."

"ता. ९. कॉल नाही. तिकडे लाइट नव्हती. दिवसभर काही नीट झालं नाही. दोन स्क्रू हरवले."

वीस मिनिटं त्या वाचत होत्या. मधे एकदा चष्मा काढून पुसला.

"हे का नाही जोडलं?"

"ते रफ आहे."

"आणि ही चार निवेदनं?"

"ती फेअर."

"म्हणजे तुम्ही फेअर पाठवलंत," त्या म्हणाल्या. गळू पिकेपर्यंत घरी बसलेल्या माणसाशी डॉक्टर बोलतात ना, तो सूर. मग म्हणाल्या, "मी काय करणार ते सांगते. मी तुमच्यासाठी एक अक्षर लिहिणार नाही. तुम्ही तुमचं लिहायचं. मिसेसनी त्यांचं. बहिणीने बहिणीचं. कोणी कोणाला दाखवायचं नाही. सगळं माझ्याकडे येणार. तुम्ही दुसऱ्या कोणाचं लिहिणार नाही, एवढं मी बघणार."

"आणि तुमची फी?"

त्यांनी आकडा सांगितला. मी खुर्चीत सरळ झालो.

"म्हणजे लिहायचं आम्ही आणि पैसे तुम्हाला?"

"बरोबर."

बाई निगरगट्ट होती. मला थोडी आवडली. मी म्हटलं, "विचार करून सांगतो."

"जरूर करा. मिसेस काय म्हणतात?"

"कशाबद्दल?"

"वकील करावा की नाही याबद्दल."

ताईला विचारलं होतं. भावोजींना न विचारता त्यांनी सांगितलं होतं. खालच्याला विचारलं होतं. एका इमारतीच्या वॉचमनला विचारलं होतं, कारण त्याचा चुलतभाऊ असाच कुठे तरी अडकला होता. एकदा लिफ्टमध्ये अडकलेल्या आजींना बाहेर काढता काढता त्यांनाही विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, आधी मला काढ. बायकोला तेवढं विचारायचं राहिलं होतं.

जिना उतरून खाली रस्त्यावर आलो आणि फोन लावला.

"वकील करू का?"

 

"मला विचारतोयस?"

"मग कोणाला?"

"ताई काय म्हणाल्या?"

"नको म्हणाली."

"आणि तू?"

"बाई फी भरपूर घेते आणि लिहीत काहीच नाही. तुझं तू लिहायचं, माझं मी. मला तुझं दाखवणारसुद्धा नाही."

"म्हणजे माझं मला लिहू देणार?"

"हो."

"कर," ती म्हणाली. "आजच कर."

केला. परत वर गेलो, सही केली, पैसे भरले. ताईला कळलं तेव्हा ती म्हणाली, "पैसा जास्त झालाय का?" आणि दोन दिवसांत सहा पानी निवेदन लिहून वकीलबाईंकडे स्वतः नेऊन दिलं. त्यातली साडेचार पानं भावोजी कसे आले त्याबद्दल आहेत, असं नंतर कळलं. खालच्याने सात ओळी लिहिल्या आणि काय लिहिलं ते मला सांगायला साफ नकार दिला. एरवी या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही.

माझं काही जमेना. पहिलं निवेदन वकीलबाईंनी त्याच दिवशी परत पाठवलं. वर लिहिलं होतं: 'सदर' नको. दुसऱ्यावर: ही पुन्हा लिफ्ट आहे. तिसऱ्यावर नुसतं प्रश्नचिन्ह. माझं डोकं फिरलं. मी फोन करून म्हटलं, "मॅडम, मी मेकॅनिक आहे, मला असलं येत नाही." त्या म्हणाल्या, "भांडी घासल्याचा आवाज लिहिणारा माणूस तुम्हीच ना? बसा आणि लिहा." फोन ठेवला. पैसे देऊन शिव्या खायच्या, दुसरं काय.

मग एक दिवस दुपारी, दाराच्या रोलरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि त्याच्या मागे लिहिलं. तिचे फोटो माझ्याकडे कमी आहेत. व्हिडिओ कॉलवर ती फोन कानाला लावते, त्यामुळे मला तिचा फक्त कान दिसतो. अकरा महिने मी तिचा कान बघतोय. मी तिला सांगत नाही, कारण सांगितलं तर ती फोन समोर धरेल आणि मग तिला नीट ऐकू येणार नाही. मी इथे दोन माणसांचं घर घेतलंय आणि एका बाजूला झोपतो. मी तिला तीन महिने सांगितले होते आणि माझ्या हुशारीने तिचे अकरा महिने घालवले. मला त्या हुशारीची लाज वाटते. मला ती इथे हवी आहे. बस्स. पुठ्ठाच पाठवला. वकीलबाईंचं उत्तर आलं: चालेल.

पंचवीस तारखेला मुदतीचे सहा दिवस उरलेले. मी लिफ्टच्या डोक्यावर उभा राहून दोरांना वंगण देत होतो, आणि वकीलबाईंचा फोन आला.

"तुमच्या मिसेसचं निवेदन आलंय. चौदा पानं, हाताने लिहिलेली. छान आहे."

"काय लिहिलंय?"

"ते मी सांगणार नाही. पण एक अडचण आहे. नव्याने भरलेल्या फॉर्ममधला प्रश्न एकतीस. दोघांचा कायम एकत्र राहण्याचा इरादा आहे का. तिथे त्यांनी जागा कोरी सोडलीय."

"पहिल्या अर्जात तिथे 'हो' आहे की."

"कोणी लिहिलं होतं?"

मी वंगणाचा डबा बाजूला ठेवला.

"समोर त्यांनी एक ओळ लिहिलीय, ती मात्र तुम्हाला सांगायला हरकत नाही म्हणाल्या," वकीलबाई म्हणाल्या. "'हे मला आजपर्यंत कोणी विचारलेलं नाही.'"

"मग तुम्ही विचारा ना. तुम्ही वकील आहात."

"मी कागद मागते. हे तुम्ही विचारायचं."

"आणि ती नाही म्हणाली तर?"

"तर मी अर्ज पुढे पाठवणार नाही. आणि फी परत मिळणार नाही."

फोन बंद झाला. मी तिथेच लिफ्टच्या डोक्यावर बसलो. लग्न ताईने ठरवलं होतं. ताईने तिला विचारलं होतं, मुलगा पसंत आहे का. कचेरीतल्या कारकुनाने विचारलं होतं, लग्नाला राजी आहात का. मी काय विचारलं होतं? मी विचारलं होतं, पासपोर्टवर आडनाव कुठलं आहे. ती नाही म्हणू शकते, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. आता आलं. मुदतीचा मी विचारही केला नाही. एक तारीख गेली खड्ड्यात. तिला मी नकोच असेन तर?

फोन लावला. तिने उचलला. मागे टीव्ही.

"बोल," ती म्हणाली.

"जेवलीस?"

"सहा वाजलेत."

"बरं." मी दोर धरला, नुसताच. "तुला एक विचारायचंय."

"विचार."

"तू माझ्याबरोबर राहशील का? म्हणजे कायमची. फॉर्मासाठी नाही विचारत. म्हणजे फॉर्मातही आहे ते, पण मी विचारतोय. नको असेल तर नको म्हण. मी ताईला सांगेन, माझी चूक म्हणून सांगेन. दुकानात जा, खोली घे. मी काही बोलणार नाही."

"थांब, दार लावते."

दार लागल्याचा आवाज आला. टीव्ही बारीक झाला. खालून खालचा ओरडला, "सोडू का लिफ्ट?" मी ओरडलो, "सोडलीस तर जीव घेईन!"

"कोणाचा?" ती म्हणाली.

"खालच्याचा. तुझा नाही."

ती हसली की काय केलं, कळलं नाही. मग म्हणाली, "मी नोकरी का सोडली, सांग बघू."

"मी सांगितलं म्हणून."

"पंधरा वर्षांची नोकरी? तू सांगितलंस म्हणून?"

"तीन महिन्यांत काम होईल म्हणालो होतो ना मी."

"तू नोकरी सोड म्हणालास ते एकोणीस तारखेला," ती म्हणाली. "मी राजीनामा अकरालाच दिला होता. मालकांना म्हटलं, मी नवऱ्याकडे चालले, आता परत यायची नाही. खोली सोडते म्हणून घरमालकाला कळवलं, कुंड्या शेजारणीला दिल्या. आठ दिवस वाट बघत होते, तू विचारशील म्हणून. तू विचारलं नाहीस, सूचना दिलीस. मग फॉर्म आला, त्यात माझं उत्तर आधीच लिहिलेलं. मला वाटलं, याला सगळं माहीत आहे, आपण कशाला बोलायचं."

बावीस वर्षांत वर कधी डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. आलं तर हात डोळ्याला लावता येत नाही, ग्रीस असतं. मी मान वर करून बसलो.

"ऐकतोयस ना?"

"हो."

"हो. माझंही हो," ती म्हणाली. "आता लिहिते. ठेवू नकोस फोन."

मी ठेवला नाही. तिकडे दारावर थाप पडली. वहिनीचा आवाज आला, इतका वेळ आत काय चाललंय, दार कशाला लावलंय, म्हणून. पुन्हा थाप पडली.

"वहिनी, थांबा जरा," ती म्हणाली, चांगला खणखणीत आवाज लावून. "मी लिहितेय."

त्या घरात तिने कोणाला थांबा म्हटलेलं मी अकरा महिन्यांत ऐकलं नव्हतं.